एआयने लिहिलेला कोड दूधसंस्थेच्या बिलापर्यंत कसा न्यायचा: तपासणी आणि डिलिव्हरीचे टप्पे

राजारामपुरीतल्या एखाद्या गाळ्यात, उद्यमनगरात कुणाच्या तरी वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर, नाहीतर सरळ घरातल्या एका खोलीत तीन-चार जण बसून सॉफ्टवेअर बनवतात, असं काम कोल्हापुरात बरंच चालतं. गिऱ्हाईक म्हणजे दूधसंस्था, पतसंस्था, शिरोलीतली फाउंड्री, मार्केट यार्डातलं गुळाचं अडत दुकान. आता सॉफ्टवेअर बनवणाऱ्या या सगळ्यांच्या हाताशी क्लॉड कोड, कर्सर, कोपायलट यातलं काही ना काही, म्हणजे सांगितलं की कोड लिहून देणारा एआय असिस्टंट आहे. सकाळी काम सांगितलं की जेवणाच्या सुट्टीपर्यंत आठशे ओळी तयार. त्या वाचायच्या कुणी, हा प्रश्न मात्र कुणी विचारत नाही. डेमोला चाललं की पेनड्राइव्हवर घालून संस्थेत बसवायचं, ही जुनी सवय तशीच आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की काम वाचणाऱ्याच्या वेगाने पुढे सोडावं, आणि जिथे चूक परत फिरवणं अवघड तिथे तपासणी सगळ्यात कडक ठेवावी. बटणाचा रंग चुकला तर उद्या बदलता येतो. शेतकऱ्याच्या हातात पडलेलं बिल उद्या बदलता येत नाही.

एआयमुळे आपला वेग वाढला असं वाटतं, ते वाटणंही जरा तपासून घ्यावं. मेटर या संशोधन संस्थेने जुलै २०२५ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. १६ अनुभवी ओपन सोर्स डेव्हलपर, २४६ कामं. एआय वापरायची मुभा होती त्या कामांना सरासरी १९ टक्के वेळ जास्त लागला, आणि काम संपल्यावरही त्यांना वाटत होतं की आपला २० टक्के वेळ वाचला. साधनं त्यानंतर सुधारली आहेत, त्यामुळे १९ हा आकडा मी कुणाच्या तोंडावर फेकणार नाही. पण स्वतःच्या वेगाचा अंदाज इतका चुकू शकतो हे डोक्यात असलेलं बरं.

खालची पद्धत एकाच उदाहरणावर सांगतो. दूध संघाने गाय दुधाचं दरपत्रक बदललं. नवा दर १६ तारखेच्या सकाळ पाळीपासून. बिल ११ ते २० चं. म्हणजे एकाच बिलात दोन दर. दिसायला अर्ध्या तासाचं काम.

आधीची तयारी

सगळा कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवून मागे फिरू देणाऱ्या साधनात, असलाच पाहिजे. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल नवीन चालू’ अशा फोल्डरांवर एआय सोडणार असाल तर हा लेख इथेच मिटा.

मुख्य फोल्डरमध्ये असिस्टंटसाठी सूचनांची फाइल ठेवा. क्लॉड कोड ‘क्लॉड डॉट एमडी’ वाचतो, इतर बरीच साधनं ‘एजंट्स डॉट एमडी’ वाचतात. त्यात उपदेश नको, आपल्या धंद्याचे नियम हवेत: रक्कम रुपयांत नाही, पैशांतच, पूर्णांकात साठवायची, बिलाचे हप्ते १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर, पाळ्या दोनच, टेस्ट (कोडचं उत्तर बरोबर येतं का ते आपोआप तपासणारे छोटे प्रोग्राम) कुठल्या कमांडने चालतात. पानभर पुरे. लांबलचक फाइल माणूस वाचत नाही, आणि असिस्टंटही तिच्यातलं अर्धं विसरतो.

चालू डेटाबेसचा पासवर्ड असिस्टंट चालतो त्या मशीनवर असू नये. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या कोडिंग सेवेच्या एआय एजंटने, कोडला हात लावू नकोस असं सांगितलेलं असताना, एका वापरकर्त्याचा प्रॉडक्शन म्हणजे चालू डेटाबेस पुसला होता. सूचना लिहिणं वेगळं आणि दार बंद असणं वेगळं. चाचणीच्या डेटाबेसमध्येही खऱ्या उत्पादकांची नावं, खाते क्रमांक, आधार ठेवू नका. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे आणि त्यातल्या दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, गावातल्या माणसाचं बँक खातं आपण कुठल्या सर्व्हरवर पाठवतोय हे आपल्याला सांगता आलं पाहिजे.

टप्पा १: कामाची चिठ्ठी

असिस्टंटला एका ओळीत ‘नवा दर लागू कर’ म्हणू नका. आधी चिठ्ठी लिहा, आणि ती कोडच्या सोबत गिटमध्येच ठेवा. आपल्या कामाची चिठ्ठी अशी होईल:

काम: गाय दुधाचं नवं दरपत्रक १६ तारखेच्या सकाळ पाळीपासून लागू करणे.
दर कशावरून ठरतो: दूध घातल्याच्या तारखेवरून आणि पाळीवरून. नोंद सर्व्हरवर कधी पोचली याचा संबंध नाही.
बदलायचं नाही: म्हैस दुधाचा हिशोब, पशुखाद्याची कपात, आधी छापलेली बिलं.
झालं कधी म्हणायचं: सोबतच्या बारा पावत्या आणि दोन बिलं पैशापैशाला जुळली की.
परत फिरवायचं कसं: सेटिंगमधून नवं दरपत्रक बंद करून.

दुसरी ओळ उगीच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पुरात गावंच्या गावं तुटली होती. अशा वेळी संस्थेचा संगणक ऑफलाइन नोंदी घेत राहतो आणि लाइन आली की सगळं एकदम वर पाठवतो. १४ तारखेचं दूध १८ ला सर्व्हरवर पोचलं, तर दर १४ चाच लागला पाहिजे. असिस्टंटला पूर माहीत नाही. तो सरळ नोंद आल्याची वेळ घेईल, आणि त्यात त्याचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही, कारण आपण सांगितलंच नव्हतं.

‘बदलायचं नाही’ ही ओळ कधीही गाळू नका. असिस्टंटला नीटनेटकं करायची हौस फार. दराचं काम सांगितलं तर जाता जाता पावतीचा छापही सुधारून ठेवतो.

टप्पा २: फक्त आराखडा

क्लॉड कोडमध्ये यासाठी प्लॅन मोड आहे. ज्या साधनात असा मोड नाही तिथे ‘फाइल बदलू नकोस, फक्त आराखडा दे’ असं सांगावं लागतं. आराखडा आला की तीन गोष्टी बघा: कुठल्या फाइलींना हात लागणार, डेटाबेसच्या कुठल्या टेबलमध्ये काय बदलणार, आणि चिठ्ठीत नसलेलं काय घुसलं आहे.

मग एक प्रश्न विचारा: ‘तू काय काय गृहीत धरलं आहेस, त्याची यादी दे.’ सगळ्या पद्धतीत मला सर्वांत जास्त उपयोगी पडणारा प्रश्न हाच. दुधाच्या कामात यादीत हमखास येणारी गोष्ट म्हणजे एसएनएफचं, म्हणजे दुधातल्या फॅट सोडून उरलेल्या घन पदार्थांचं, सूत्र. लॅक्टोमीटरची डिग्री भागिले ४, अधिक फॅटचा काही हिस्सा, अधिक एक ठरलेला आकडा, असा त्याचा साचा. पण फॅटचा हिस्सा कुठे ०.२ धरतात, कुठे ०.२१, कुठे ०.२५, शेवटचा आकडा कुठे ०.३६, कुठे ०.४४. असिस्टंटने वाचलेल्या पानांत हे सगळेच प्रकार असणार, त्यातला कुठला तरी एक तो उचलतो.

फरक किती पडतो ते बघा. डिग्री २९, फॅट ३.५. पहिल्या सूत्राने ७.२५ अधिक ०.७ अधिक ०.३६, म्हणजे ८.३१. दुसऱ्याने ७.२५ अधिक ०.८७५ अधिक ०.४४, म्हणजे ८.५६५. गाईच्या दुधाची प्रत ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात. तेच दूध पहिल्या सूत्राने कपातीत जातं, दुसऱ्याने प्रतीत बसतं. कोड दोन्ही वेळा बिनचूक चालतो, स्क्रीनवर लाल अक्षर कुठेच येत नाही.

आराखडा पटेपर्यंत एकही ओळ लिहू देऊ नका. इथे दुरुस्ती म्हणजे एक वाक्य टाइप करणं.

टप्पा ३: उत्तरं आधी, कागदावरून

टेस्ट असिस्टंटकडून लिहून घ्यायला हरकत नाही. टेस्टमधली उत्तरं मात्र त्याच्याकडून घ्यायची नाहीत. त्यानेच हिशोब लिहिला आणि त्यानेच उत्तर काढलं, तर दोन्हीत एकच चूक असते आणि हिरवी खूण मिळते. उत्तरं संस्थेच्या सचिवांकडून आणा. जुन्या पावत्या, दरपत्रकाचा छापील तक्ता, हाताने केलेलं एखादं बिल. सचिव वीस वर्षं हा हिशोब करत असतात. तक्त्यात नसलेला एखादा नियम त्यांच्या बोलण्यातच सापडतो.

त्या बारा पावत्यांत काय असावं? १५ ची संध्याकाळ पाळी आणि १६ ची सकाळ पाळी, शेजारी शेजारी. प्रतीच्या बरोबर रेषेवरचं दूध आणि एक दशांश खालचं. एकाच पाळीत दोन वेळा दूध घातलेला उत्पादक. उशिरा पोचलेली नोंद. आणि पैशाच्या अपूर्णांकाची एक पावती, ती जरा सविस्तर सांगतो.

४.५ लिटर, दर ३५ रुपये ६५ पैसे. गुणाकार १६०.४२५. आपण १६०.४३ लिहितो. पण पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या डेसिमल प्रकारात वेगळं काही सांगितलं नाही तर अर्धा पैसा जवळच्या सम अंकाकडे जातो आणि उत्तर १६०.४२ येतं. आकडे साठवायचा साधा प्रकार, फ्लोट, वापरला तर दशांश अपूर्णांक संगणकात पूर्ण बसतच नाहीत, ०.१ अधिक ०.२ चं उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं, त्यामुळे अर्धा पैसा कधी वर जाईल कधी खाली. दहा दिवसांच्या वीस पावत्यांत फरक पडून पडून किती पडणार, थोडे पैसे. पण सचिवांची बेरीज आणि संगणकाची बेरीज जुळली नाही की गावात सॉफ्टवेअरचा विश्वास संपला. आणि पैसा पावतीवर पूर्ण करायचा की बिलाच्या शेवटी, हाही प्रश्न आहेच. दोन्हींची उत्तरं वेगळी येतात. विचारून घ्या.

दुसरा सापळा हप्त्याचा. ‘दहा दिवसांचं बिल’ असं आपण म्हणतो, म्हणून असिस्टंट तारखेत दहा मिळवतो. तिसरा हप्ता कधी दहा दिवसांचा, कधी अकराचा, फेब्रुवारीत आठ किंवा नऊचा. फेब्रुवारीचं एक बिल टेस्टमध्ये असलंच पाहिजे, मग आत्ता श्रावण का असेना.

या टेस्ट वेगळ्या कमिटमध्ये (गिटमधल्या बदलाच्या एका नोंदीत) टाका, आणि इथून पुढे असिस्टंटने टेस्टच्या फोल्डरला हात लावला तर काम आपोआप अडेल अशी सोय करा. टेस्ट पास होत नाही म्हटल्यावर टेस्टच बदलायची, हा मार्ग त्याला सुचतो.

टप्पा ४: लिहून घेणं

आता कोड. वेगळी ब्रँच, म्हणजे कोडची स्वतंत्र शाखा, शक्यतो गिट वर्कट्री या सोयीने वेगळं फोल्डर, म्हणजे आपलं हातातलं काम तसंच राहतं. आराखड्यातली एक पायरी, एक कमिट. स्मार्टबेअर या सॉफ्टवेअर कंपनीने सिस्कोमधल्या कोड रिव्ह्यूंचा, म्हणजे कोड वाचून तपासण्याच्या कामाचा, अभ्यास केला होता, त्यातून २०० ते ४०० ओळींच्या पुढे वाचणाऱ्याला चुका सापडणं कमी होतं असा अंदाज निघाला. मी तीनशेवर थांबतो.

तीच चूक तिसऱ्यांदा दुरुस्त करायला निघाला की थांबवा. तोवर संभाषणात इतका गाळ साचलेला असतो की पुढची दुरुस्ती आधीच्या दुरुस्तीची असते. ब्रँच मागे न्या, काय कळलं ते चिठ्ठीत लिहा, नवं सेशन, म्हणजे कोरं संभाषण, उघडा.

टप्पा ५: यंत्राची चाळणी

फॉरमॅटर (मांडणी नीट करणारा), लिंटर (संशयास्पद ओळी दाखवणारा), टाइप तपासणी (आकड्याच्या जागी मजकूर असं काही आलं का ते), सगळ्या टेस्ट, आणि गिटलीक्ससारखं एखादं साधन पासवर्ड चुकून कोडमध्ये आला का ते बघायला. हे सगळं एका कमांडने चालावं. नवीन पॅकेज, म्हणजे बाहेरून घेतलेला तयार कोड, आलं असेल तर मात्र यंत्रावर सोडू नका. असिस्टंट कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजचं नाव देतो, आणि अशा नावांनी मुद्दाम घातक पॅकेज टाकून ठेवणारे लोक आहेत. तारखेच्या हिशोबासाठी नवीन पॅकेज लागतंच का, हाही प्रश्न विचारा. बहुतेक वेळा लागत नाही.

टप्पा ६: दुसरा असिस्टंट, कोऱ्या पाटीने

फाउंड्रीत कास्टिंग ओतणारा आणि ते तपासणारा एक माणूस नसतो. इथेही तेच. ज्या सेशनने कोड लिहिला त्यालाच ‘तपास बरं’ म्हटलं तर तो आपल्याच कारणांची उजळणी करतो. नवीन सेशन घ्या, जमलं तर दुसऱ्या कंपनीचं मॉडेल. त्याला फक्त दोन गोष्टी द्या: चिठ्ठी आणि बदललेल्या ओळी. आधीचं संभाषण नाही, ‘हे बरोबर आहे ना’ असा कौल मागणं नाही.

सांगायचं असं: ‘या बदलामुळे कुठल्या उत्पादकाला चुकीचे पैसे मिळतील ते शोध. प्रत्येक मुद्द्याला फाइल, ओळ आणि ते घडवून आणणारी एक नमुना पावती दे. नमुना देता येत नसेल तर मुद्दा लिहू नकोस.’ शेवटच्या वाक्याने अर्धा पाचोळा गळून जातो. नाहीतर तपासणारा एआय व्हेरिएबलच्या नावांवर दोन पानं लिहितो.

आलेले मुद्दे स्वतः तीन भागांत टाका: पैसे चुकतात, पैसे बरोबर पण नोंदी बिघडतात, आणि आवडीनिवडी. पहिले दोन दुरुस्त करून घ्या, प्रत्येकाची टेस्ट जोडून. तिसरे सोडून द्या. अशा दोन फेऱ्या पुरे. तिसऱ्या फेरीलाही त्याला काहीतरी सापडेलच, ते त्याचं कामच आहे.

टप्पा ७: माणसाने वाचायचं

वरून खाली वाचू नका. आधी डेटाबेसचे बदल, कारण ते परत फिरवायला सगळ्यात जड. मग पैशाचा हिशोब. मग टेस्ट, त्यातही काय गाळलं आहे ते. स्क्रीनचा भाग शेवटी, आणि तो चालवूनच बघा.

एक गोष्ट मुद्दाम शोधा: तीच पावती दोनदा आली तर काय होतं? गावात नोंद पाठवताना मध्येच लाइट जाते, संगणकाला वाटतं पोचली नाही, तो पुन्हा पाठवतो. असिस्टंटने लिहिलेलं ‘पुन्हा प्रयत्न कर’ हे कलम बहुधा छान असतं, पण पलीकडे सर्व्हरवर तीच पावती ओळखायची सोय असेलच असं नाही. संस्था, तारीख, पाळी, उत्पादक आणि पावती क्रमांक मिळून नोंद एकच राहील असा निर्बंध डेटाबेसमध्येच हवा. कोडमधल्या ‘जर’ वर भागत नाही.

वाचणाऱ्याने चिठ्ठीखाली आपलं नाव घालावं. बिल चुकलं तर फोन त्या नावाला येणार, हे ठरलेलं असलं की वाचण्यात फरक पडतो. एकट्याने काम करत असाल तर दुसरा माणूस कुठून आणणार? मग निदान रात्री लिहून घेतलेलं सकाळी वाचा. आणि न समजलेली ओळ पुढे जाऊ देऊ नका. असिस्टंटला समजावून सांगायला लावा; सांगितलेलं पटलं नाही तर सोप्या पद्धतीने पुन्हा लिहायला लावा.

दर कामाला हे सातही टप्पे लागत नाहीत. अहवालाचा मथळा बदलायचा असेल तर चौथा आणि पाचवा बस. पैसे, साठवलेल्या नोंदी, लॉगिन आणि बाहेर जाणारे संदेश, या चार गोष्टींना धक्का लागत असेल तर एकही गाळायचा नाही, बदल दोन ओळींचा असला तरी.

टप्पा ८: संस्थेपर्यंत

१९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या संगणक सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट सगळ्यांना एकाच वेळी गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बसले. त्यानंतर त्या कंपनीनेही अशी अपडेट टप्प्याने सोडायला सुरुवात केली. आपल्याकडे चाळीस संस्था असतील तर आपण आधीपासूनच तसं करू शकतो.

पहिल्यांदा नवा हिशोब नुसता सावलीसारखा चालवा. पावती जुन्याच कोडने छापायची, पाठीमागे नव्या कोडनेही तीच रक्कम काढून वेगळ्या टेबलमध्ये ठेवायची. १६ च्या आधी दोन्ही रकमा सगळीकडे सारख्याच आल्या पाहिजेत. एका पैशाचाही फरक दिसला तर कारण सापडेपर्यंत पुढे जायचं नाही.

डेटाबेसमध्ये आधी नुसता नवा रकाना जोडा, जुना तसाच राहू दे. दोन्ही आवृत्त्या त्याच डेटाबेसवर चालल्या पाहिजेत, म्हणजे मागे फिरणं शक्य राहतं. बॅकअप घ्या, आणि तो दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपला मी बॅकअप म्हणत नाही.

मग जवळची एक संस्था निवडा. करवीर तालुक्यातली, मोटारसायकलवर अर्ध्या तासात पोचता येईल अशी, आणि जिथले सचिव चुका मोकळेपणाने सांगतील अशी. तिथे दोन पाळ्या. मग पाच संस्था, मग बाकीच्या. हप्ता बंद व्हायच्या आदल्या दिवशी आणि त्या दिवशी, म्हणजे ९, १०, १९, २० आणि महिनाअखेरीचे दोन दिवस, काहीही बसवायचं नाही. दिवाळीच्या दर फरकाच्या आठवड्यात तर नाहीच. बसवायचं ते सकाळ पाळी संपल्यावर, म्हणजे संध्याकाळपर्यंत दुरुस्तीला वेळ मिळतो.

सचिवांना मराठीत पाच ओळींचा मेसेज पाठवा: काय बदललं, कधीपासून, पावतीवर कुठे दिसेल, चुकलं तर कुणाला फोन. हा मेसेज असिस्टंटकडून लिहून घेतला तरी एकदा मोठ्याने वाचा. त्याच्या मराठीत ‘सदर प्रणाली’ फार असते.

११ ते २० चं बिल निघालं की प्रत्येक संस्थेतली चार-पाच बिलं हाताने तपासा, विशेषतः दोन दरांची. जुना हिशोब पुढची दोन बिलं तसाच ठेवा, मग काढा. काढायचाच; पडून राहू देऊ नका. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत नवीन कोड बसवताना आठपैकी एक सर्व्हर राहून गेला. जुना बंद पडलेला कोड ज्या फ्लॅगने (चालू-बंदच्या खुणेने) चालायचा तोच फ्लॅग नव्या कामासाठी पुन्हा वापरला होता, त्यामुळे १ ऑगस्ट २०१२ रोजी त्या एका सर्व्हरवर तो जुना कोड जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या आसपास पैसे गेले. जुना हिशोब काढण्यासाठी नवी चिठ्ठी लिहा, ती पहिल्या टप्प्यापासून न्या, आणि नवं दरपत्रक चालू-बंद करणाऱ्या सेटिंगचं नाव पुढच्या दरपत्रकाला देऊ नका.